उलटं पाणी

उत्तरेचा वारा तिसऱ्या दिवशीही पडला नाही
की नदी थबकते, मग मागे चालू लागते.
आमच्याकडे त्याला त्सोफ्का म्हणतात.
समुद्र दार ठोठावत नाही,
तो मोरीतून येतो.

मी बोगुमिला फोर्मेला.
ग्दान्स्कच्या सखल अंगाला, चार नंबरच्या पंपघरात
एकोणीस हिवाळे.
लोक विचारतात, कुठे असतेस? मी म्हणते, पाण्याच्या खात्यात.
पुढचं कुणी विचारत नाही.

शहर मला ओळखत नाही,
मी त्याला प्रवाहाच्या काट्यावरून ओळखते.
फुटबॉलचा सामना असला की मध्यंतराला काटा उसळतो,
गोल कुणी केला ते मात्र कळत नाही.
पहाटे चारला बारीकसा उंचवटा: बेकरीवाले उठले.
आणि नाताळच्या आधी दोन दिवस
न्हाणीघरांच्या टबांत कार्प मासे पोहत असतात,
तेव्हा अर्धं ओरुन्या बिनआंघोळीचं
आणि काटा मांजरासारखा खाली पसरलेला.

दाराजवळ भिंतीत पितळेचा खिळा आहे,
माझ्या छातीच्या उंचीवर.
जेनॉन क्रेफ्टने ठोकला, मागे पाणी जिथवर चढलं तिथे.
त्या रात्री विजेचे कप्पे बुडाले
आणि तीन दिवस शहराचं सगळं
शहराच्याच तळघरांतून वर आलं,
लोणच्याच्या बरण्यांत, लग्नाच्या अल्बमांत.
मग साहेब आले, रबरी बूट नवेकोरे.
एकाने विचारलं, एवढा खर्च, जमिनीखालच्या गोष्टीवर?
जेनॉन बोलला नाही.
साहेबाचा हात धरला आणि खिळ्यावर ठेवला.

कप्पे लोखंडी माळ्यावर चढायला आणखी सहा वर्षं लागली.
पाणबुडीला असतं तसं दार आलं,
नदीच्या तोंडाशी झडप आली,
आतलं बाहेर सोडणारी, बाहेरचं आत न घेणारी.
तोवर जेनॉन घरी बसून जाळी विणत होता.

काल झडप मिटली.
समुद्र बाहेर राहिला,
पण आमचंही आतच राहिलं.
हे नकाशावर दिसत नाही:
दार लावलं की आपण आपल्याच सोबत उरतो.
तीनपैकी एक पंप चिंध्या गिळून गुदमरला.
हौदात पाणी दर दहा मिनिटांना एक पायरी.
बावीस पायऱ्या. माहीत आहेत, मीच झाडते.

आठ वाजता रेडिओ केंद्राला फोन लावला.
निवेदिका म्हणाली, नक्की काय सांगू?
म्हटलं, बारा वाजेपर्यंत संडासाची साखळी ओढू नका.
धुण्याचं यंत्र नको. आंघोळ उद्या.
ती हसली. मग हसायची थांबली.
दोन गाण्यांच्या मधे तिने ते जसंच्या तसं सांगितलं.

मी वीज तोडली, झाकण उघडलं,
खांद्यापर्यंत हात घातला.
ते काय होतं ते लिहीत नाही.
बाहेर लाट दाराला अंग घासत होती, गाय घासते तशी.

नऊला काटा जागेवरच.
सव्वानऊला वाटलं अडकलाय, काचेवर टिचकी मारली.
अडकला नव्हता.
उतरत होता.

कार्पांचे दिवस तर नव्हते.
कुठे चौथ्या मजल्यावर कुणी म्हातारा
बादली ओढून बसला असेल,
कुणी पोराला म्हणालं असेल, राहू दे, झाकण लाव,
कुणी साबण लावलेल्या हातांनी नळाकडे बघत.
एकमेकांना न सांगता
एवढ्या माणसांनी आवरून धरलं.
माझ्यासाठी नाही. तरी.

सतराव्या पायरीवर पाणी थांबलं.
बाराच्या सुमारास वारा पश्चिमेला वळला.
बारा वाजून एक मिनिटाने
अख्ख्या सखल शहराने एकदम साखळी ओढली.
काटा असा उसळला
की मी एकटीच पोट धरून हसले,
आणि तिन्ही पंपांनी ते सारं उचलून पुढे लोटलं.

सकाळी जेनॉनला फोन केला.
विचारलं त्याने, खिळा कुठवर?
म्हटलं, आतली भिंत कोरडी आहे.
जरा वेळ नुसती त्याची किटली ऐकू आली.
मग म्हणाला, तर बाहेर ठोक.
दाराच्या, समुद्राकडच्या बाजूला.